चाळण शिकवली, पण पाणी शिकवायचं राहिलं



आज एका उपक्रमाबद्दल लिहितेय. वर्गात तो छान झाला आणि वर्गाबाहेर थोडक्यात वाचला. 'विज्ञानाचा सोपा उपक्रम' म्हणून तुम्हीही तो घ्याल, जरूर घ्या. पण शेवटपर्यंत वाचून मगच घ्या, ही विनंती.

मी सहावीला विज्ञान शिकवते. आमची शाळा कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठच्या एका गावात आहे. मागच्या वर्षी फेब्रुवारीत मधल्या सुट्टीत मुलं घोळका करून बोलत होती. कुणीतरी घरच्या मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. परदेशातला एक माणूस समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभा. शेजारी ट्यूबमध्ये बसवलेली चाळण तरंगतेय. तो तळाची वाळू उपसून चाळणीत टाकतो, हलवतो आणि त्यातून अंगठ्या, नाणी निघतात!

"बाई, आपल्याकडं समुद्र न्हाई," एक जण म्हणाला, "पण किष्णा हाय की!"

बरोबरच होतं त्याचं. सातारा-सांगलीला किनारा नाही, पण नदीत पैसा टाकणारी माणसं कमी नाहीत. वाईचे घाट, संगम माहुली, कऱ्हाडचा प्रीतिसंगम, औदुंबर, सांगलीजवळचं हरिपूर. एसटी पुलावर आली की खिडकीतून हात बाहेर येतो आणि नाणं खाली जातं. दोरीला लोहचुंबक बांधून ती नाणी काढणारी पोरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

दुसऱ्याच दिवशी मला 'पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धती' घ्यायच्या होत्या. निवडणे, पाखडणे, चाळणे, निवळणे. आयताच विषय सापडला. मी म्हटलं, "चला, आपणच चाळण बनवू."

चाळण कशी केली

आंब्याच्या पेटीच्या पट्ट्या घेऊन साधारण दीड फूट बाय एक फूट अशी चौकट ठोकली. हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा इंची लोखंडी जाळी आणली, ती चौकटीच्या खालून खिळ्यांनी मारली आणि कडेवरून पुन्हा पट्टी बसवली. ही वरची पट्टी विसरू नका. जाळीची कापलेली टोकं हाताला लागतात. दुसरी चाळण म्हणून एकीनं घरून पिठाची जुनी चाळण आणली. तिसरा प्रकार मुलांचा लाडका होता. भाजीचं प्लॅस्टिक क्रेट, त्याच्या तळाला जाळी आणि सगळं स्कूटरच्या जुन्या ट्यूबमध्ये बसवलेलं. व्हिडिओतल्यासारखं तरंगणारं!

चाळण झाली की मापं घ्यायला लावली. जाळीचं भोक आतून मोजलं तर 13 मिलिमीटर भरलं. मग नाणी मोजली. 2011 नंतरचा रुपया 22 मिलिमीटर, त्याच मालिकेतलं 50 पैशांचं नाणं 19, 10 रुपयांचं 27. एकाच्या आजोबांच्या डब्यात स्टीलचे जुने 10 पैसे होते, ते 16 मिलिमीटर. मी विचारलं, "यातलं कुठलं नाणं जाळीतून पडेल?"

सगळे म्हणाले, "कुठलंच न्हाई. सगळी 13 पेक्षा मोठी हायत."

पण चाळण हलवली आणि 10 पैसे पडले! वर्गात एकच गलका. का पडले? चौकोनी भोकाची बाजू 13 असली तरी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर 18 मिलिमीटरच्या थोडं वर जातं. 16 चं पातळ नाणं उभं राहिलं की तिरकं निसटतं. 19 चं अडतं. कर्ण हा शब्द मी फळ्यावर लिहिला, पण त्याआधी तो मुलांच्या बोटांना कळला होता. चमकी, मणी, जोडव्याचा तुकडा असं बारीक काही असेल तर तेही या जाळीतून जाणारच, म्हणून खाली बारीक चाळण धरायची, हेही त्यांनीच सुचवलं.

कोरडी वाळू आणि एक गप्प मुलगा

शाळेच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या वाळूच्या ढिगात मी आधीच नाणी, काचेचे मणी, खिळे आणि पितळी रिंगा पुरून ठेवल्या होत्या. मुलं चाळू लागली. वाळू थोडी ओली होती, तिची ढेकळं जाळीवर बसून राहिली. भोकं बुजली. मी हातानं ढेकळं चोळत होते, घाम आला होता.

मागच्या बाकावरचा एक मुलगा पुढे आला. दिवाळीनंतर शाळेत दाखल झालेला, फारसा न बोलणारा. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तो म्हणाला, "बाई, पाण्यात धरा की."

त्यानं चाळण पाण्याच्या टबात निम्मी बुडवली. मनगटं अर्धी डावीकडं, अर्धी उजवीकडं फिरवली आणि मध्येच एक हलका झटका दिला. ढेकळं विरघळली, बारीक वाळू खाली गेली, खडे आणि नाणी वर राहिली. मिनिटसुद्धा लागलं नसेल.

"अरे वा! तुला कसं रे माहीत?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

त्यानं मान खाली घातली आणि जागेवर जाऊन बसला. मला वाटलं, लाजला. मी पुढचं शिकवायला घेतलं.

पुढचं म्हणजे हे. पाणी चिकटलेली माती सोडवतं आणि बारीक कण वाहून नेतं. शिवाय पाण्यात जड आणि हलक्यातला फरक वाढतो. वाळूची घनता साधारण 2.65, सोन्याची 19.3. म्हणजे सोनं तेवढ्याच आकाराच्या वाळूच्या सात पट जड. पाण्यात बुडवल्यावर दोन्हींच्या वजनातून तेवढ्याच पाण्याचं वजन वजा होतं. वाळू उरते 1.65, सोनं 18.3. आता ते अकरा पट जड झालं! मुलांनी भागाकार स्वतः केला.

मग लोहचुंबक फिरवला. स्टीलचे रुपये चिकटले, पितळी 5 रुपये चिकटले नाहीत. वाळूतून मात्र काळी भुकटी चुंबकाला मिशीसारखी लागली. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात लोहाचं खनिज असतं, त्याचे हे कण. तांबं, चांदी, सोनं चुंबकाला लागत नाही, मग दोरीला चुंबक बांधणाऱ्या पोरांना फक्त कुठली नाणी मिळत असतील, हा प्रश्न मी गृहपाठाला दिला.

तास संपला. मी खूश होते. क्रेटवाली चाळण "घरी दाखवायला नेतो" म्हणून दोघांनी नेली. मीही नेऊ दिली.

रविवार

रविवारी अकराच्या सुमाराला एका आईचा फोन आला. "बाई, पोरगं चाळण घिऊन गेलंय. तुम्ही बोलावलंय का नदीवर?"

मी कुणालाही बोलावलं नव्हतं.

तुम्ही कृष्णाकाठचे असाल तर माझं काय झालं असेल ते सांगायला नको. फेब्रुवारीत पाणी उतरलेलं असतं, उथळ दिसतं. पण वाळू उपसून पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातलं पुढचं पाऊल डोक्याएवढ्या पाण्यात जातं. कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत येतं, त्यामुळे आभाळ कोरडं असतानाही पाणी चढू शकतं. आणि खाली सांगलीकडं, औदुंबर-भिलवडी-अंकलखोपच्या पट्ट्यात नदीत मगरी आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटली, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी पाच दिवसांपूर्वी मुलांच्या हातात तरंगणारी चाळण दिली होती आणि नदीबद्दल एक वाक्यही बोलले नव्हते.

गाडी घाटावर लावली तेव्हा पाच मुलं पायरीवर ओळीनं बसलेली दिसली. चौघांचे गुडघ्यापर्यंत कपडे ओले, एकाचा सदरा छातीपर्यंत. त्यांच्यासमोर एक म्हातारी काठी घेऊन उभी होती. बाजूला तिचं घमेलं, जाळीची चाळण आणि परात. तिच्यामागे आमच्या वर्गातला तो गप्प मुलगा.

त्या मुलाची ती आजी. घाटाच्या पायथ्याशी वाळू चाळत होती. पोरं क्रेट घेऊन पुढे सरकताना तिनं पाहिलं आणि काठी घेऊन सगळ्यांना बाहेर काढलं. मी आभार मानायला तोंड उघडलं, पण तिनंच आधी विचारलं,

"बाई, चाळण शिकवलीसा. पाणी कवा शिकवणार?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही ते वाक्य आठवलं की पोटात गोळा येतो.

आजीचं काम

मराठीत या कामाला जुना शब्द आहे, झारेकरी. सोनाराच्या दुकानातली आणि दुकानापुढची धूळ, राख गोळा करून, धुऊन त्यातले सोन्या-चांदीचे कण वेगळे करणारा. पूर्व विदर्भात नदीच्या वाळूतून सोन्याचे कण धुणारे सोनझारी आहेत. नदीकाठी जिथं अस्थी आणि राख सोडतात, तिथंही कुणीतरी वाळू चाळत असतं. मृताच्या तोंडात सोन्याचा मणी ठेवायची रीत आपल्याकडं आहेच. आपण तिकडं न बघता पुढं जातो.

खरं तर मला तिकडं न बघण्याचं काही कारण नव्हतं. माझं माहेर विट्याकडचं. खानापूर-आटपाडी आणि साताऱ्यातल्या माण-खटावची माणसं गलाईच्या कामासाठी देशभर गेली. सोनं-चांदी गाळणं, शुद्ध करणं. माझे मामाही त्यातलेच. सुट्टीला आले की सांगायचे, सोनाराच्या दुकानाचा केर कुणी फेकत नाही. तो जाळायचा, चाळायचा, धुवायचा, मग गाळायचा. तेजाबात चांदी-तांबं विरघळतं, सोनं तसंच मागं राहतं. मामांच्या कामाला आम्ही घरात 'धंदा' म्हणत होतो आणि मान देत होतो. घाटावरच्या म्हातारीच्या कामाला माझ्याकडं शब्दच नव्हता. एकाच कामाची ही दोन टोकं, हे त्या रविवारपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आणि वर्गात त्या पोरानं मान का खाली घातली, तेही त्या दिवशी कळलं. तो लाजला नव्हता. आपण काय करतो हे वर्गाला कळलं तर काय होईल, याचा त्यानं माझ्याआधी विचार केला होता. आणि मी सगळ्यांसमोर नेमकं तेच विचारलं होतं.

आजी शाळेत

सोमवारी मी त्यांच्या राहत्या जागी गेले. "आजी, शाळेत येऊन मुलांना दाखवाल का?" म्हटलं. आजी लगेच हो म्हणाल्या नाहीत. "पोराला चिडवतील," म्हणाल्या. मी मुलाला वेगळं विचारलं. त्यानं दोन दिवस घेतले. मग म्हणाला, "आजी आली तर येऊ दे. पण म्या पुढं उभा राहणार न्हाई." तसंच ठरलं.

शाळेच्या मैदानात टब, घमेलं, वाळू आणि परात मांडली. सोन्याऐवजी पितळेचा कीस वाळूत मिसळला. पितळही वाळूच्या तिपटीहून जड, त्यामुळे चालून जातं. आजींनी आधी मोठी चाळण, मग बारीक, आणि शेवटी उरलेली रेती परातीत घेतली. परात थोडी कलती करून पाण्यात गोल फिरवली. प्रत्येक फेरीला हलकी वाळू काठावरून वाहून गेली. शेवटी चिमूटभर काळी रेती आणि तिच्या कडेला पितळेची पिवळी रेघ! मुलं टबावर वाकली होती.

"नदीत कुठं शोधायचं ते कसं कळतं?" एकीनं विचारलं.

"पाणी जिथं दमतं तिथं," आजी म्हणाल्या. वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडाच्या मागं, पायऱ्यांच्या फटीत. मी फळ्यावर लिहिलं की प्रवाहाचा वेग कमी झाला की जड वस्तू आधी खाली बसतात. वाक्य माझं, पण माहिती आजींची.

"दिवसाला किती मिळतं?"

"कधी भाजीपुरतं, कधी कायबी न्हाई."

मग आजींनी पाण्याचे नियम सांगितले. आधी काठी, मग पाय. गुडघ्याच्या वर पाणी नको. एकट्यानं उतरायचं नाही, काठावर मोठं माणूस पाहिजे. पाणी गढूळ झालं किंवा पायाला ओढ लागली की हातातलं टाकून बाहेर. "चाळण गेली तर दुसरी मिळंल," एवढंच त्या म्हणाल्या.

एका मुलानं विचारलं, "सोन्याची अंगठी सापडली तर ती कुणाची?" आजी म्हणाल्या, "जिची हाय तिची. ती गावली न्हाई तर पुढचं बघू." त्यावरून आम्ही कायद्याकडं गेलो. सापडलेली वस्तू कुणाची हे कळत असताना किंवा शोधता येत असताना गुपचूप ठेवून घेणं हा गुन्हा आहे. जमिनीत पुरलेलं जुनं धन सापडलं तर 1878 चा निखात निधी कायदा लागतो. 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. 10 रुपये ऐकून मुलं हसली. पण तेव्हाचा रुपया चांदीचा, 11.66 ग्रॅमचा होता. असे 10 रुपये म्हणजे शंभर ग्रॅमच्या वर चांदी! हसू थांबलं आणि हिशोब सुरू झाला.

सगळं गोड झालं असं लिहिणार नाही. दोन मुलांनी त्याला नंतर एक नाव ठेवलंच. मी रागावले नाही, त्या दोघांनाच परात दिली आणि पितळेचा कीस वेगळा करायला लावला. अर्धा तास झाला, निम्मा कीस वाळूबरोबर वाहून गेला. शेवटी त्यांनीच त्या मुलाला हाक मारली. नाव ठेवणं त्यानं पूर्ण थांबलं की नाही, खात्रीनं सांगता येत नाही. माझ्या कानावर तरी पुन्हा आलं नाही.

तुम्ही हा उपक्रम घेणार असाल तर

- वाळू शाळेत आणा. मुलांना आणि चाळणीला नदीवर नेऊ नका.
- तरंगणारी चाळण करू नका. ती मुलांना खोल पाण्याकडं बोलावते. टबात साधी चाळण पुरते.
- उपक्रमाच्या आदल्या दिवशीच पालकांच्या ग्रुपवर कळवा की हा प्रयोग फक्त शाळेत आहे. मी हे केलं असतं तर तो फोन आला नसता.
- चाळण्या त्याच दिवशी मोजून परत घ्या.
- जाळीची टोकं झाका. तेजाब, पारा असल्या गोष्टींचं प्रात्यक्षिक वर्गात अजिबात नको.
- एखाद्या मुलाला काही विशेष येत असेल तर "तुला कसं माहीत?" हे सगळ्यांसमोर विचारू नका. नंतर, एकट्याला विचारा.

पालकहो, तुमच्यासाठी एकच. मूल घरी काहीतरी बनवून आणेल तेव्हा कौतुक कराच, पण "हे कुठं वापरणार आहेस?" एवढं जरूर विचारा.

मार्चमध्ये प्रयोगवह्या तपासायला घेतल्या. साहित्य या मथळ्याखाली सगळ्यांनी लिहिलं होतं, चाळण, टब, परात, वाळू, लोहचुंबक. त्या मुलाच्या यादीत पहिलंच नाव होतं 'काठी'. शाळेतल्या प्रयोगात काठी कुठंच वापरली नव्हती. लाल पेन त्या शब्दावर गेलंही होतं. मग पेन उचललं आणि शेजारी बरोबरची खूण केली.